सामायिक सायकल मार्गावरील दिवाबत्ती

सामायिक सायकल मार्गावरील दिवाबत्ती म्हणजे सायकलस्वार आणि पादचारी यांनी एकत्रितपणे वापरावयाच्या, मोटार वाहनांपासून वेगळ्या ठेवलेल्या मार्गांवर रात्रीच्या वेळी केलेली कृत्रिम प्रकाशाची व्यवस्था होय. असे मार्ग बहुधा नदीकाठ, कालवे, उद्याने, वापरातून गेलेले लोहमार्ग, जलवाहिन्या किंवा महामार्गांच्या कडेने जातात. मोटारींच्या रस्त्यावर दिवे असावेत हे शहरांत सहसा गृहीत धरले जाते. सामायिक मार्गांबाबत मात्र दिवे लावावेत की नाही, हाच नगरनियोजनातील वादाचा विषय ठरला आहे. दिव्यांमुळे मार्ग अंधार पडल्यावरही वापरता येतो आणि अपघाताचा व गुन्ह्याचा धोका कमी होऊ शकतो. दुसरीकडे हे मार्ग अनेकदा शहरातील उरल्यासुरल्या काळोख्या आणि हिरव्या पट्ट्यांतून जात असल्याने तेथील निशाचर प्राणी, कीटक व वनस्पती यांना प्रकाशाचा उपद्रव होतो. उपलब्ध संशोधन आणि विविध देशांतील अनुभव पाहता हा प्रश्न केवळ ‘दिवे हवेत की नकोत’ असा राहत नाही. दिवे कोठे, किती वेळ, किती तीव्रतेचे आणि कोणत्या रंगाचे असावेत, हे ठरविण्याचा तो प्रश्न आहे.

## संज्ञा आणि व्याप्ती

सामायिक मार्गाची मुख्य खूण म्हणजे त्यावर मोटार वाहनांना मज्जाव असतो आणि चालणारे, धावणारे, सायकल चालविणारे व चाकाची खुर्ची वापरणारे लोक एकाच पृष्ठभागावरून जातात. रस्त्याच्या कडेला पट्टा आखून केलेला सायकल पथ यापेक्षा निराळा असतो. त्याला रस्त्यावरील पथदिव्यांचा काही ना काही प्रकाश मिळतो. रस्त्यापासून दूर गेलेल्या मार्गाला असा उसना प्रकाश मिळत नाही. तेथे प्रकाशाचे स्रोत दोनच असतात : मार्गावरील स्थिर दिवे आणि वापरणाऱ्याने स्वतः बाळगलेला सायकलचा दिवा किंवा विजेरी.

पृष्ठभागावर पडणारा प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. भर उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स, तर निरभ्र आकाशातील पौर्णिमेच्या चंद्राचा सुमारे पाव लक्स प्रकाश पडतो. सामायिक मार्गांसाठी शिफारस केली जाणारी प्रकाशपातळी या दोहोंच्या मधली, साधारणपणे २ ते २२ लक्स इतकी असते.

## प्रश्नाचे स्वरूप

दिवसाची लांबी अक्षांशानुसार बदलते आणि त्याबरोबर या प्रश्नाची तीव्रताही बदलते. डिसेंबर महिन्यात लंडनमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्यास्त होतो आणि अॅमस्टरडॅममध्ये साडेचारच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्याचे काही महिने शाळा, महाविद्यालय व कार्यालय यांतून परतण्याचा प्रवास अंधारातच करावा लागतो. मार्गावर दिवे नसतील, तर तो मार्ग दैनंदिन वाहतुकीच्या दृष्टीने वर्षाचा बराच काळ बंद असल्यासारखा होतो. मुंबई-पुण्यात दिवसाच्या लांबीतील फरक कमी आहे. तेथे डिसेंबरमध्ये सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास, तर जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास होतो. परंतु कामावरून सुटण्याची वेळ बहुधा त्यानंतरचीच असल्यामुळे परतीचा प्रवास येथेही जवळजवळ वर्षभर अंधारात होतो. पाळीत काम करणारे कामगार, सुरक्षारक्षक, दूध व वृत्तपत्रे टाकणारे यांचा प्रवास तर पहाटे किंवा रात्री उशिरा असतो.

यामुळे दिव्यांचा निर्णय हा मार्गाच्या उद्देशाचाच निर्णय ठरतो. बिनदिव्याचा मार्ग प्रामुख्याने दिवसाच्या फेरफटक्याचा मार्ग राहतो. दिव्यांचा मार्ग कामाच्या व शिक्षणाच्या प्रवासासाठी उपयोगी पडू शकतो. ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही आणि ज्यांना मोटारींच्या वर्दळीतून सायकल चालविणे शक्य नाही, त्यांच्यासाठी हा फरक सर्वांत मोठा असतो.

## दृष्टी आणि थांबण्याचे अंतर

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलावर दंडाकार आणि शंक्वाकार अशा दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर प्रकाशात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात काम करतात. अंधाराला डोळा पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, मात्र तेजस्वी प्रकाश डोळ्यांत गेल्यास हे अनुकूलन काही क्षणांतच नाहीसे होते. म्हणून अंधाऱ्या मार्गावर समोरून येणाऱ्या एखाद्या प्रखर सायकल दिव्यामुळे किंवा शेजारच्या रस्त्यावरील मोटारींच्या झोतामुळे माणूस काही काळ जवळजवळ आंधळा होतो. नेमक्या त्याच वेळी पुढे गडद कपडे घातलेला पादचारी, कुत्रा किंवा खड्डा असल्यास अपघात संभवतो.

सायकल थांबण्यास लागणारे अंतर हे या चर्चेतील महत्त्वाचे परिमाण आहे. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या ‘आश्टो’ या संघटनेच्या सायकल सुविधाविषयक मार्गदर्शिकेत हे अंतर काढण्यासाठी २.५ सेकंदांचा प्रतिसादकाळ आणि ओल्या पृष्ठभागासाठी ०.१६ हा घर्षणांक धरला जातो. या पद्धतीने सपाट मार्गावर पुढील अंतरे येतात :

* ताशी २० किलोमीटर वेग : प्रतिसादकाळात सुमारे १४ मीटर आणि ब्रेक लावल्यावर सुमारे १० मीटर, एकूण सुमारे २४ मीटर.
* ताशी ३० किलोमीटर वेग : प्रतिसादकाळात सुमारे २१ मीटर आणि ब्रेक लावल्यावर सुमारे २२ मीटर, एकूण सुमारे ४३ मीटर.

याचा अर्थ असा की, वेग दीडपट झाल्यास थांबण्याचे अंतर पावणेदोनपटीहून अधिक होते. सायकलचे अनेक स्वस्त दिवे हे इतरांना सायकल दिसावी एवढ्यासाठीच असतात. त्यांच्या उजेडात २०-२५ मीटरवरचा न चमकणारा अडथळा दिसेलच असे नाही. विद्युत सायकलींच्या प्रसारामुळे मार्गांवरील सरासरी वेग वाढत असल्याने हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला आहे. पादचाऱ्यांना दिवा बाळगण्याची सक्ती सहसा कोठेही नसते. म्हणून केवळ सायकलच्या दिव्यांवर विसंबण्याच्या धोरणात अपघाताचा भार बऱ्याच अंशी पादचाऱ्यांवर पडतो.

## संशोधनातील निष्कर्ष

### वापरावरील परिणाम

दिव्यांमुळे वापर वाढतो का, हे मोजणे अवघड असते, कारण सायंकाळ आणि रात्र यांत केवळ प्रकाशाचाच नव्हे तर लोकांच्या दिनक्रमाचाही फरक असतो. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या जिम अटली आणि स्टीव्ह फोटिओस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर एक उपाय योजला. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे केले जाते. त्यामुळे दिवसाची तीच वेळ एका आठवड्यात अंधाराची, तर लगतच्या आठवड्यात उजेडाची असते. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथील मार्गांवरच्या स्वयंचलित मोजणी यंत्रांच्या नोंदी त्यांनी या पद्धतीने तपासल्या. अंधाराच्या तुलनेत उजेडात पादचाऱ्यांची संख्या ६२ टक्क्यांनी आणि सायकलस्वारांची संख्या ३८ टक्क्यांनी अधिक आढळली.

याच गटाने रॉबिन लव्हलेस यांच्यासह बर्मिंगहॅम शहरातील सायकलस्वारांच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाबत्ती असलेल्या ठिकाणी अंधारामुळे होणारी सायकलस्वारांची घट कमी असते, असे त्यात दिसून आले. मात्र हा लाभ प्रकाशाच्या प्रमाणात वाढत जात नाही. अगदी थोड्या प्रकाशानेही बराच फरक पडतो आणि एका मर्यादेपलीकडे प्रकाश वाढविल्याने वापरात आणखी वाढ होत नाही. हा निष्कर्ष धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो, कारण अतिरिक्त प्रकाशाचा खर्च व पर्यावरणीय हानी वाढत राहिली तरी लाभ त्या प्रमाणात वाढत नाही.

### अपघात

मोटारींच्या रस्त्यांवरील दिव्यांचा अभ्यास अधिक झाला आहे. नेदरलँड्समधील दोन दशकांच्या अपघात नोंदींवर आधारित, पेर ओले वान्विक यांच्या २००९ मधील अभ्यासात रस्त्यावरील दिव्यांमुळे अंधारातील जखमी अपघात सुमारे निम्म्याने कमी होत असल्याचे दिसले. हे निष्कर्ष सामायिक मार्गांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण या मार्गांवर मोटारी नसतात. तेथील अपघात प्रामुख्याने घसरून पडणे, कडेवरून खाली जाणे, अडथळ्यावर आदळणे आणि एकमेकांना धडकणे या स्वरूपाचे असतात. मोटारी आत येऊ नयेत म्हणून उभारलेल्या खांबांवर आदळणे हाही त्यांतील एक नेहमीचा प्रकार होय. यांपैकी बरेच अपघात पोलिसांच्या नोंदीत येत नाहीत.

### गुन्हे आणि भयाची भावना

ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, सुधारित पथदिवे असलेल्या भागांत गुन्हे सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष काढला. ही घट दिवसाच्या गुन्ह्यांतही दिसल्यामुळे, प्रत्यक्ष उजेडापेक्षा परिसराकडे लक्ष दिले जात असल्याची जाणीव आणि रहिवाशांचा वाढलेला वावर हे त्याचे कारण असावे, असे मत मांडले गेले. न्यूयॉर्क शहरात २०१६ मध्ये सार्वजनिक गृहसंकुलांत यादृच्छिक निवडीने प्रखर दिवे बसवून केलेल्या प्रयोगात रात्रीच्या वेळी घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले.

याउलट इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक प्राधिकरणांच्या माहितीवर आधारित २०१५ मधील अभ्यासात, मध्यरात्रीनंतर दिवे बंद केल्याने किंवा मंद केल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा आढळला नाही. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांतील परिस्थिती भिन्न आहेत. दाट वस्तीच्या संकुलात उजेडाबरोबर पाहणारे डोळेही असतात. निर्जन मार्गावर ते नसतात. ब्रिटनमधील पोलिसांच्या ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ या मार्गदर्शनातही, फारसा वापर नसलेल्या एकाकी पायवाटेवर दिवे लावल्यास तो मार्ग सुरक्षित असल्याचा खोटा भरवसा निर्माण होऊ शकतो, अशी सूचना केलेली आहे.

प्रत्यक्ष गुन्ह्यांइतकीच भयाची भावनाही वापरावर परिणाम करते. समोरून येणाऱ्या व्यक्तीचा चेहरा व हालचाल पुरेशा अंतरावरून ओळखता येणे हे या भावनेशी निगडित असते. त्यामुळे केवळ जमिनीवर पडणारा प्रकाश न मोजता चेहऱ्याच्या उंचीवरील उभ्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाशही विचारात घेतला जातो. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ या उपक्रमाने महिलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सार्वजनिक जागांचे परीक्षण करताना उजेड हा एक प्रमुख निकष ठेवला असून, त्याच्या नोंदींचा उपयोग दिल्लीतील अंधाऱ्या जागा शोधण्यासाठी करण्यात आला.

## पर्यावरणीय परिणाम

सामायिक मार्ग ज्या पट्ट्यांतून जातात, तेच पट्टे वन्यजीवांचेही येण्याजाण्याचे मार्ग असतात. नदीकाठची झाडी, कुंपणांच्या रांगा आणि जुन्या लोहमार्गांचे बोगदे यांचा वटवाघळे मोठ्या प्रमाणावर उपयोग करतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या एम्मा स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कुंपणांच्या कडेला सोडियम दिवे लावताच नालेच्या आकाराचे नाक असलेल्या लहान वटवाघळांची तेथील ये-जा मोठ्या प्रमाणात घटल्याचे आढळले. काही जातींची वटवाघळे मात्र दिव्यांभोवती जमणारे कीटक खाण्यासाठी उजेडाकडे येतात. त्यामुळे एकाच दिव्याचा काही जातींना लाभ, तर काहींना तोटा होतो.

कीटकांवरील परिणामही मोजले गेले आहेत. स्वित्झर्लंडमधील कुरणांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हा क्नोप व सहकाऱ्यांच्या प्रयोगात, दिवे लावलेल्या जागी फुलांना रात्री भेट देणाऱ्या परागवाहक कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. दिवसाच्या परागवाहकांनाही ही उणीव भरून काढता आली नाही आणि अभ्यासलेल्या वनस्पतीची फळधारणा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली. इंग्लंडमधील डग्लस बॉइज व सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासात, पथदिव्यांखालील कुंपणांच्या झाडोऱ्यात पतंगांच्या अळ्यांची संख्या ४७ टक्क्यांनी आणि गवताळ कडांवर ३३ टक्क्यांनी कमी आढळली. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा परिणाम पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा अधिक तीव्र होता.

महाराष्ट्रात हा विषय काजव्यांच्या संदर्भात परिचित आहे. मे-जून महिन्यांत भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात काजव्यांचे थवे दिसतात. काजव्यांचे लुकलुकणे ही जोडीदार शोधण्याची खूण असते आणि कृत्रिम उजेडात ती दिसेनाशी होते. नैसर्गिक काळोख जपण्याच्या प्रयत्नांसाठी महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले ठिकाण होय.

अंधाराचा धोका माणसांना नसतो असेही नाही. मण्यार व घोणस हे विषारी साप रात्री वावरतात. भारतात नदीकाठच्या किंवा शेतालगतच्या मार्गावर पायाखालचे दिसणे हा सर्पदंश टाळण्याचाही भाग असतो. मात्र त्यासाठी संपूर्ण परिसर उजळण्याऐवजी पृष्ठभागापुरता मर्यादित प्रकाश किंवा विजेरीही पुरेशी ठरते.

## मानके

प्रकाशपातळीविषयी निरनिराळ्या देशांत पुढील मानके व मार्गदर्शिका प्रचलित आहेत :

* युरोप : ‘ईएन १३२०१’ या मानकात पादचारी व सायकल मार्गांसाठी ‘पी’ वर्ग ठरविलेले आहेत. पी१ वर्गात सरासरी १५ लक्स, पी४ मध्ये ५ लक्स, तर पी६ मध्ये २ लक्स प्रकाश अपेक्षित असतो. प्रत्येक वर्गात किमान प्रकाशही निश्चित केलेला आहे, जेणेकरून दोन खांबांमध्ये काळोखाचे पट्टे राहू नयेत.
* अमेरिका : ‘आश्टो’च्या २०१२ मधील मार्गदर्शिकेत ठिकाणानुसार सरासरी ५ ते २२ लक्स प्रकाशाचा विचार करावा, असे सुचविले आहे. खांबांची उंची व आकार मार्ग वापरणाऱ्यांना साजेसा असावा, असेही त्यात म्हटले आहे.
* फ्रान्स : २७ डिसेंबर २०१८ च्या शासकीय आदेशाने बाहेरील दिव्यांच्या रंग तापमानावर सर्वसाधारणपणे ३,००० केल्विनची मर्यादा घालण्यात आली.
* भारत : ‘आयएस १९४४’ या मानकात रस्त्यांचे वर्ग पाडून मुख्य रस्त्यांसाठी ३० व १५ लक्स आणि दुय्यम रस्त्यांसाठी ८ व ४ लक्स सरासरी प्रकाश दिला आहे. सायकल पथांच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ११’ ही मार्गदर्शिका असून तिची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये निघाली.

सरासरीइतकेच महत्त्व प्रकाशाच्या समानतेला असते. प्रखर दिव्यांच्या मध्ये गडद पट्टे राहिल्यास डोळ्याला सतत जुळवून घ्यावे लागते आणि अशा मार्गावर कमी पण समान प्रकाशाच्या मार्गापेक्षा वाईट दिसते.

## उपाययोजना आणि तंत्रज्ञान

### झाकलेले व उबदार रंगाचे दिवे

दिव्याचा प्रकाश वर किंवा बाजूला न जाता केवळ मार्गावर पडेल, असे आवरण वापरणे हा सर्वांत सोपा उपाय मानला जातो. खांबांची उंची कमी ठेवल्यास झाडांच्या फांद्यांखालून प्रकाश देता येतो. निळसर पांढऱ्या दिव्यांऐवजी पिवळसर दिवे वापरल्यास कीटकांचे आकर्षण कमी होते.

### लाल दिवे

नेदरलँड्समध्ये कामील स्पूल्स्ट्रा व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उजेड टाळणारी वटवाघळे पांढऱ्या व हिरव्या प्रकाशापासून दूर राहतात, परंतु लाल प्रकाशात त्यांचा वावर अंधाराइतकाच असतो, असे आढळले. त्यानुसार त्याच देशातील निउकोप येथे निसर्गसंरक्षित क्षेत्रालगतच्या वसाहतीत लाल पथदिवे बसविण्यात आले. डेन्मार्कमधील ग्लाडसाक्से नगरपालिकेनेही वटवाघळांच्या वावराच्या भागात रस्ता व सायकल मार्गावर लाल दिव्यांचा वापर केला. लाल प्रकाशात रंग ओळखणे कठीण जाते, ही या दिव्यांची मर्यादा आहे.

### हालचालीनुसार बदलणारे दिवे

संवेदकांच्या साहाय्याने, मार्गावर कोणी नसताना दिवे मंद ठेवून व्यक्ती जवळ येताच ते उजळविता येतात. उदाहरणादाखल, एक किलोमीटर मार्गावर ३० मीटर अंतराने २० वॅटचे ३३ दिवे धरल्यास आणि ते वर्षाला सुमारे ४,००० तास चालू राहिल्यास सुमारे २,६४० युनिट वीज लागते. त्यांपैकी निम्मा वेळ दिवे २० टक्के क्षमतेवर ठेवल्यास हा वापर सुमारे १,५८० युनिटांवर येतो. एलईडीमुळे विजेचा खर्च कमी झाला असला तरी खांब उभारणे, केबलसाठी चर खोदणे आणि देखभाल यांवरील खर्च कायम राहतो आणि रस्त्यापासून दूर असलेल्या मार्गांवर तोच निर्णायक ठरतो. दिवे अचानक उजळल्यास आसपासच्या रहिवाशांना व प्राण्यांना त्रास होतो, म्हणून प्रकाश हळूहळू वाढविण्याची पद्धत वापरतात.

### सौर स्टड आणि चमकणारे पृष्ठभाग

मार्गाच्या कडेला जमिनीत बसविलेले सौर स्टड मार्ग उजळत नाहीत, मात्र त्याची दिशा व कड दाखवितात. इंग्लंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या केंब्रिजशायरच्या मार्गदर्शित बसमार्गालगतच्या सायकल मार्गावर असे स्टड वापरले आहेत. त्यांच्यासाठी केबलची गरज नसते आणि आसपासच्या झाडीत प्रकाश जात नाही. परंतु मार्गावरील पादचारी किंवा अडथळा त्यांच्यामुळे दिसत नाही.

नेदरलँड्समधील आइंडहोवन व न्यूनेन यांच्या दरम्यान दान रोजेगार्डे यांनी रचलेला, व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या ‘तारांकित रात्र’ या चित्रावरून स्फूर्ती घेतलेला मार्ग नोव्हेंबर २०१४ मध्ये खुला झाला. दिवसा ऊर्जा साठवून रात्री चमकणारे खडे त्यात बसविलेले आहेत. पोलंडमधील लिड्झबार्क वार्मिन्स्की येथे २०१६ मध्ये निळा प्रकाश देणारा असाच एक छोटा पट्टा तयार करण्यात आला. हे मार्ग पर्यटकांना आकर्षित करतात, पण त्यांची चमक मंद असून रात्र चढत जाते तशी ती ओसरत जाते.

### बिनदिव्याच्या मार्गाची रचना

दिवे न लावण्याचा निर्णय घेतला तरी मार्गाची रचना अंधाराला साजेशी करता येते. कडेला पांढरे पट्टे आखणे, खांब व कठडे यांवर परावर्तक लावणे, अनावश्यक अडथळे काढणे, तीव्र वळणे टाळणे आणि पृष्ठभाग फिकट रंगाचा ठेवणे हे त्यांतील नेहमीचे उपाय आहेत. शेजारी मोटारींचा रस्ता असल्यास मध्ये झुडपांची रांग किंवा आडोसा ठेवून मोटारींच्या झोतापासून संरक्षण देता येते.

## सायकलवरील दिव्यांचे नियम

अनेक देशांत रात्री सायकलला दिवा असणे कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये १९८९ च्या वाहन दीप नियमांनुसार पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि मागे लाल परावर्तक आवश्यक असतो. जर्मनीतील नियमांत दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपविणार नाही अशी अट आहे. सामायिक मार्गावर ही अट विशेष महत्त्वाची ठरते, कारण तेथे लोक एकमेकांच्या समोरून थोड्याच अंतराने जातात. भारतात सायकलींवर परावर्तक बसविण्याविषयी केंद्र शासनाने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. एकेकाळी महाराष्ट्रातील शहरांत रात्री दिव्यावाचून सायकल चालविल्यास दंड होत असे आणि चाकावर घासून चालणारा डायनॅमो ही सायकलची नेहमीची जोडवस्तू होती. नंतरच्या काळात ती मागे पडली.

## भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर जाण्यासाठी सायकल वापरत होते. त्यांतील बहुतेकांसाठी सायकल हा छंद नसून उदरनिर्वाहाचा भाग आहे. असे असले तरी मोटारींपासून पूर्णपणे वेगळे सामायिक मार्ग भारतात अद्याप थोडे आहेत. रस्त्याकडेच्या सायकल पथांवर बहुधा मोटारींच्या रस्त्यासाठी उभारलेल्या उंच पथदिव्यांचा प्रकाश पडतो आणि मध्ये झाडे असल्यास तोही अडतो.

हैदराबादमध्ये बाह्यवळण मार्गालगत १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झालेला सुमारे २३ किलोमीटरचा सायकल मार्ग हे दिवाबत्तीसह आखलेल्या मार्गाचे ठळक उदाहरण होय. त्यावर सौर पॅनेलचे छत असून रात्रीच्या वापरासाठी दिवे बसविलेले आहेत. मोठ्या रस्त्यालगत असल्याने तेथे नैसर्गिक काळोखाचा प्रश्न तुलनेने गौण ठरतो. पुणे महानगरपालिकेच्या २०१७ मधील सायकल आराखड्यात शहरात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकल पथ सुचविण्यात आले. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल व पादचारी मार्ग करण्याचा प्रकल्प बृहन्मुंबई महानगरपालिकेने जाहीर केला. जलवाहिनीलगतचा असा मार्ग रस्त्यांपासून बाजूला पडत असल्याने त्याच्या वापरासाठी दिव्यांची व्यवस्था कळीची ठरते.

## निर्णयाचे निकष

नियोजनकार दिव्यांचा निर्णय घेताना सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतात :

* मार्ग दैनंदिन प्रवासाचा आहे की मुख्यतः विरंगुळ्याचा.
* अंधारात जाण्यासाठी दुसरा सुरक्षित व उजेडाचा मार्ग जवळ आहे का.
* मार्गावर वस्ती, दुकाने किंवा रस्ता यांची नजर पडते का.
* परिसरात वटवाघळे, काजवे किंवा इतर संवेदनशील जीवांचा अधिवास आहे का.
* चौक, पूल, भुयारी मार्ग, पायऱ्या व तीव्र वळणे अशी धोक्याची ठिकाणे कोणती आहेत.
* दिव्यांच्या देखभालीची कायमस्वरूपी तरतूद आहे का. बंद पडलेल्या दिव्यांचा मार्ग हा मुळात बिनदिव्याच्या मार्गापेक्षा अधिक फसवा ठरू शकतो.

या निकषांतून बहुधा मधला मार्ग निघतो. वस्तीजवळचा व प्रवासाचा भाग पूर्णपणे उजळला जातो, धोक्याच्या ठिकाणी तेवढेच दिवे लावले जातात आणि संवेदनशील भाग काळोखात किंवा मंद लाल प्रकाशात ठेवला जातो. नेदरलँड्समध्ये काही ठिकाणी झाडीतून जाणारा मार्ग दिवसासाठी आणि वस्तीतून जाणारा थोडा लांबचा मार्ग रात्रीसाठी, अशी विभागणी फलक लावून केली जाते. इंग्लंडमधील बाथ येथे २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ‘टू टनेल्स ग्रीनवे’ या मार्गावरील सुमारे १.६७ किलोमीटर लांबीच्या कूम डाउन बोगद्यात मंद दिवे आहेत आणि रात्री उशिरा ते बंद केले जातात. प्रवाशांच्या वेळी उजेड आणि वटवाघळांच्या वेळी अंधार, अशी वेळेची वाटणी तेथे केलेली दिसते.

अशा वाटणीतही काही प्रश्न शिल्लक राहतात. दिवे बंद करण्याची वेळ ठरविताना शेवटच्या पाळीतून परतणारे कामगार बहुधा संख्येने थोडे असतात, पण त्यांना पर्यायही थोडेच असतात. म्हणून केवळ वापराच्या मोजणीवरून वेळ ठरवू नये, असे मत मांडले जाते. शिवाय अंधारामुळे जे लोक मार्ग वापरण्याचेच टाळतात, त्यांची नोंद मोजणी यंत्रांत कधीच होत नाही.

## हे सुद्धा पहा

* प्रकाश प्रदूषण
* पथदिवा
* सायकल
* नगररचना
* काजवा
* वटवाघूळ